जर्मलची होडी

नांदूरघाट,
ता. ६ जुलै १९८६

ती. अक्कास,
शहादेवचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच गेल्या. पेरणीचा विषय कुणी काढत नाही.

बातमी अशी, की मी होडी आणली. आधी हसून घे. बीडला सरकारी भंगाराच्या लिलावात पडून होती. दोन बाजा एकापुढे एक टाकाव्यात एवढी लांब, अल्युमिनियमची, म्हणजे आपल्या बोलीत जर्मलची. बूड डांबरानं लिंपलेलं, कडा चेपलेल्या. तलावातल्या मासेमारीसाठी आम्ही सहकारी संस्था काढली, तिचा चेअरमन आश्रुबा भोई बरोबर होता. जाळी आहेत, पण खोल पाण्यात जायला आमच्याकडे ट्रकची ट्यूब. होडी झाली तर मधले मोठे मासे हाती लागतील. ती नीट करायची जबाबदारी माझ्यावर आली. बारा वर्षं मी त्या तलावावर रोजंदारीची चौकीदारी केली, खांबावरचा पाण्याचा आकडा रोज वाचला, म्हणून पाण्यातलं मला कळतं असा लोकांचा समज.

खरं कारण तुला सांगतो. सूनबाईला, छबूला, तिसरा महिना आहे. गेल्या साली ऊसतोडीत तिचं बाळंतपण पाचटाच्या कोपीत झालं आणि दोन दिवसांची पोर परक्या बांधाला पुरून यावं लागलं, ते तू जाणतेस. मुकादम दसऱ्याला येईल. नवरा-बायको मिळून त्याच्या लेखी एक कोयता. अर्धा कोयता तो घेत नाही. पोरगा सर्जेराव गेला की छबूला जावंच लागतं. मासळीवर घर चालेल असं दसऱ्याच्या आत दिसलं, तर दोघं इथंच राहतील. थकलोय अक्का, पण एवढं करून बघतो.

भावजींना जयभीम. लोभ आहेच, तो तळ्यासारखा आटू देऊ नये.
तुझा,
शहादेव

चकलांबा,
ता. २० जुलै १९८६

चि. शहादेव यास,
सिंधुअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पोट धरून हसले, मग छबूचं वाचलं आणि डोळे पुसले. हे विचारतात, शहादेवला होडी मिळाली, आता पाणी कुठल्या लिलावात मिळतं ते विचार. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. सकाळपासून विहिरीवर नंबर लावून बसतात, दुसरं काय करणार.

त्या तलावाच्या भिंतीवर बहात्तरच्या दुष्काळात तू, मी नि आईनं माती वाहिली. आईच्या डोक्यावरचे केस पाटीनं गेले ते पुन्हा आले नाहीत. त्या पाण्यावर आपला हक्क नाही तर कुणाचा? छबूला जड उचलू देऊ नको. पोरगी बोलत नाही म्हणजे तिला काही होत नाही असं समजू नको.

माया आहे तशीच ठेवावी.
तुझी,
अक्का

नांदूरघाट,
ता. १० ऑगस्ट १९८६

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

पाऊस दोनदा आला, तोही पाहुण्यासारखा. पाणी पिऊन गेला. खांबावरचा आकडा मी अजूनही सवयीनं वाचतो. रोज बोटभर उतरतो.

होडी घरामागं लिंबाखाली पालथी घातली आहे. चेपलेल्या कडा लाकडी मोगरीनं ठोकून सरळ केल्या. सुटलेले रिपीट, म्हणजे पत्रा जोडणारे खिळे, म्हाळू कल्हईवाला बसवून देणार आहे. सर्जेराव आधी लांबून बघायचा, आता हात लावतो. अडचण डांबराची. खरवडून हात सोलले, तरी ते निघत नाही. तेव्हा असं ठरवलं, की बाजारातून धुण्याचा सोडा आणायचा, कढत पाण्यात कालवायचा, गोणपाटं भिजवून बुडावर रात्रभर टाकायची. तेलकट कपडे निघतात, तर डांबर का निघणार नाही? शनिवारी करतो.

छबू बरी आहे. उलट्या थांबल्या. कळावे, माया असावी.
तुझा,
शहादेव

चकलांबा,
ता. १६ ऑगस्ट १९८६

चि. शहादेव,
आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं, चूल तशीच टाकून लिहिते. अरे शहाण्या, जर्मलला सोडा लावतात का? लग्न झालं त्या साली मी सासूचं पातेलं सोड्यात भिजत घातलं होतं. सकाळी काळं पडलेलं, बुडाला चाळणी. सासू मरेपर्यंत ते ऐकवत होती. जर्मल राखेनं नि चिंचेनं घासतात, हे कुठल्याही बाईला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. बैल गेला नि झोपा केला असं व्हायला नको. सोड्याला हात लावू नको!

तुझी,
अक्का

नांदूरघाट,
ता. २ सप्टेंबर १९८६

ती. अक्कास,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी आलं. सोडा मी शनिवारी लावला होता.

काय सांगू. लावल्यावर फसफसून बुडबुडे आले, तेव्हा मला वाटलं मळ निघतोय. खुशीनं आणखी एक घमेलं ओतलं. सकाळी गोणपाटं काढली तर डांबर निघालं होतं, त्याबरोबर बूडही निघालं होतं. नऊ भोकं मोजली आणि मोजायचं सोडलं. सर्जेराव कोयता धार लावायला घेऊन बसला. त्याचा राग आला नाही, माझीच लाज वाटली. दिवसभर जेवलो नाही.

संध्याकाळी छबू आपलं जर्मलचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, मामा, ह्याचं ठिगळ लावा. वेडी पोर. पण म्हाळूनं ताट वाजवून बघितलं आणि तो म्हणाला, ताट पातळ हाय, कडंच्या बारक्या भोकाला चालंल; बाकीला जाड पातेलं असंल तर का न्हाई बसायचं? भोयांच्या चतुराबाईनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या बायकांनी कोचलेली पातेली, डेगच्या आणून टाकल्या. चतुराबाई म्हणाली, शिजवायला तरी काय हाय आता! ठिगळाखाली डांबरात भिजवलेलं गोणपाट, वरून रिपीट. प्रत्येक भांड्यावर मालकिणीचं नाव कोरलेलं. ती बाजू मी आत ठेवतोय, म्हणजे होडीत बसणाऱ्याला कळेल आपण कुणाच्या जिवावर तरंगतोय.

मधलं सगळ्यात मोठं भोक राहिलंय, तेवढं जाड भांडं गावात नाही. हसायचं ते हस, पण पत्र टाक.
तुझा,
शहादेव

चकलांबा,
ता. १२ सप्टेंबर १९८६

चि. शहादेव,
आशीर्वाद.

हसले नाही. आमच्या शेजारचा टेलर तुमच्याकडे केजला चाललाय, त्याच्याबरोबर आईचं पातेलं पाठवते. तलावाच्या कामावर तिनं ह्यातच आपल्याला कण्या शिजवून घातल्या. आई गेल्यावर मी ते मागून आणलं, तेव्हा तू रुसला होतास. आता घे. बुडावर तिचं नाव आहे, ते कापू नको.

तुझी,
अक्का

नांदूरघाट,
ता. १५ ऑक्टोबर १९८६

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

आईचं पातेलं बरोबर बसलं. "भामाबाई" ही अक्षरं होडीच्या तळाला मधोमध आली आहेत. चिंचेनं घासून होडी अशी उजळली, की म्हाळू स्वतःच बघत उभा राहिला.

पण अक्का, पाणी संपलं. दसऱ्याला, विहारात वंदना झाल्यावर, आम्ही होडी खांद्यावर घेऊन तलावावर गेलो. मधे गुडघाभर गाळ, त्यात मासे तडफडत होते नि बगळ्यांची जत्रा. खांब बुडापर्यंत उघडा. होडी गाळावर ठेवली, ती तिथंच बसली. पाणी धरते की गळते, हेही कळलं नाही. तशीच परत आणून लिंबाखाली ठेवली.

त्याच दिवशी मुकादम आला. सर्जेराव हो म्हणाला. त्याच्यामागं छबू उठून भाकरीचं पीठ बांधायला लागली, सहावा महिना लागलेली बाई. ते मला बघवेना. मी मुकादमाला म्हणालो, ह्याच्या कोयत्याची जोडी मी. तो हसला, म्हणाला, मोळ्या बांधायचं, डोक्यावर वाहायचं काम बायांचं हाय, तुमाला जमंल का म्हातारबुवा? मी म्हणालो, आई बहात्तरला माझ्या वयाची होती. सर्जेराव खाली मान घालून रडला.

परवा निघतो. छबू एकटी आहे. तू येशील?
तुझा,
शहादेव

नांदूरघाट,
ता. २५ जानेवारी १९८७

चि. शहादेव यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र कारखान्यावर पोचेल की फडात हिंडत राहील कोण जाणे. मंगळवारी पहाटे छबू मोकळी झाली. मुलगी. आपल्या घरात, आपल्या बाजेवर. पाच दिवस झाले, पोर दोन्ही मुठी आवळून दूध पिते. दोन दिवस सरले तेव्हा छबू हमसून हमसून रडली, मी रडू दिलं. सर्जेरावला सांग, आणि तूही थोडा रड, त्यानं पाठीचं दुखणं हलकं होतं. फडातले गडी तुला सर्जेरावची बायको म्हणतात असं कळलं. म्हणू दे. बाईचं काम किती असतं ते एका तरी पुरुषाला कळलं.

आता तुझ्या होडीचं. गावाला चार दिवसांनी टँकर येतो. आधी तो विहिरीत सोडायचे, अर्धं पाणी गाळच प्यायचा. आश्रुबाच्या डोक्यात आलं, गड्यांनी होडी उचलून वेशीत आणली, खाली दगड लावले नि टँकर तिच्यात रिकामा केला. अख्खं गाव वाकून बघत होतं. शहादेव, एक थेंब गळला नाही! तुला किती सांगू, एक थेंब नाही. नातीची पहिली अंघोळ त्याच पाण्यानं झाली, तांब्याभरच.

पाणी उतरत जातं तशी एकेक बाई वर येते, आधी कडेची छबू, मग चतुराबाई. अगदी तळाला गेलं की आई दिसते. बायका ओरडतात, भामाबाई दिसली गं, टँकरला सांगावा धाडा. तुझ्या खांबावरचा आकडा कुणाला वाचता येत नव्हता, हा सगळ्यांना येतो.

हात जप, चिंध्या बांधून काम कर. मी तू येईपर्यंत इथंच आहे. तुम्ही बापलेक वेशीतून याल, त्या दिवशी आई पाण्याखाली असावी, एवढंच मागणं.

तुझी,
अक्का