स्टूल

प्रिय चिमणे,

पत्र बघून तुला काळजी वाटली असेल, म्हणून आधीच सांगते, सगळं ठीक आहे. तुझी भाची गोळ्या वेळेवर घेते आणि मला उलट उत्तरंही वेळेवर देते.

मागच्या वेळी तू आलीस, तिला तुझ्यासमोर फिट आली आणि तू तिच्या तोंडात घालायला चमचा घेऊन धावलीस. त्यानंतर मी बाथरूमची कडीच काढून टाकली. ती अंघोळीला गेली की दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे. पाण्याचा आवाज थांबला की माझी हाक. शेवटी ती अंघोळच टाळायला लागली.

दवाखान्यात आता फिट येणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या नर्स आहेत. मी गाऱ्हाणं सुरू करणार, तोच त्यांनी लेकीला विचारलं, की तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. फिटचा, याबद्दल मला शंकाच नव्हती. ती म्हणाली, आईच्या स्टुलाचा. हसावं की रडावं मला कळेना. नर्सबाईंनी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी बराच वेळ बोलल्या. मग तोडगा लेकीनंच सांगितला. कडी नको, पण दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवायचं, म्हणजे ती आत पडली तरी अडणार नाही. अंघोळ बसूनच. आणि आत असेपर्यंत ती गाणार. गाणं थांबलं तरच आईनं यायचं.

सुतार दार फिरवून गेला. काल मी भाजी चिरत होते आणि आतून गाणं सुरू झालं. काय बेसूर गाते गं ती! पण इतकं मोठ्यानं, इतकं मजेत, की माझा हात थांबला. एवढी मोकळी मुलगी माझ्याच घरात राहत होती. मी थक्क होऊन ऐकत राहिले, भाजी तशीच राहिली.

आता खरं काम. तिला सुट्टीत तुझ्याकडे यायचंय, एकटीला. तू घाबरून बोलावत नाहीस, हे तिला कळतं. नर्सबाई तुझ्याशी फोनवर बोलणार आहेत. त्या म्हणतात, घाबरणं साहजिकच आहे; कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स, हे सगळ्यांना शिकता येतं. मी भीत भीतच हो म्हटलंय. तू पण हो म्हण. दाराचं तेवढं बघ, शेजाऱ्यांना गाण्याची कल्पना दे, आणि स्टूल माळ्यावर टाक.

तुझीच,
ताई