मागल्या दारची पार्सली

३ सप्टेंबर
मला न विचारता मागच्या दारी मोजायचा टेप लावला. देवाला सकाळचा नमस्कार नंतर, आधी हे लिहिते.
विहिरीवरून येते तर माझा मुलगा अंतोन (पुढे नुसता अं., एवढं नाव सारखं कोण लिहिणार) एका परक्या माणसाला घेऊन माझ्या वाफ्यात चपलांसकट उभा. गाडी घ्यायचीय, गाडीला जागा हवी, पेव्हर ब्लॉक बसवायचे. रिकामीच तर जागा आहे, म्हणे.
वाडीवर बिल्डिंग झाली तेव्हा मी सही केली. केळी गेली, चिकू गेले, बोलले नाही. एवढा तुकडा उरला, एक गाडी मावेल इतका. ह्याच्यावर सही देणार नाही.
जेवताना विषय काढलाच मी. अं. म्हणतो, "आई, तिथे आता गवताशिवाय काय उगवतं?" नात प्रिस्का अंधेरीला हॉटेलच्या किचनात कामाला जाते, तिने काल पार्सलीची जुडी आणलेली. दिसायला कोथिंबिरीची बहीण, वास दुसराच. ती म्हणाली, ही थंडीकडची, आपल्या जमिनीत नाही होत, गरम पडतं. झालं. अं.ला हसू आलं. "हीच उगवून दाखव नाताळपर्यंत. एक ब्लॉक नाही बसवणार."
मी म्हटलं, बरं. प्रिस्काने ऐकलं, सून फ्लावियाने ऐकलं. भिंतीने पण ऐकलं.

६ सप्टें.
प्रिस्काने बी आणलं. ओव्याएवढं. धन्यासारखं चपलेखाली रगडून घेतलं, पेरलं. पाऊस आहे, वाफा वीतभर उंच केला. इतकी वर्षं कोथिंबीर केली, पापडी गावच्या बाजारात माझी जुडी आधी उचलायचे. हिला काय वेगळं लागतं.

१५ सप्टें.
काही नाही. कोथिंबीर असती तर एव्हाना डोकं वर काढलं असतं.
शेजारची रोझी कुंपणावरून, "काय गं, नुसत्या मातीला पाणी पाजतेस?" म्हटलं, तू चहात घालतेस त्यापेक्षा कमीच. गेली.

२७ सप्टें.
प्रिस्काला सुट्टी. वाफ्याशी बसली, विचारपूस केली पोलिसासारखी.
"आजी, रगडलंस? चपलेने?"
"मग काय मुसळाने?"
धना दोन फाकांचा, रगडला की सुटा होतो. हे बी आधीच सुटं, मी त्याचा भुगा केला. माझं चुकलं. इथे लिहिलं तेवढं पुरे, अं.ला कळता कामा नये. प्रिस्काकडून क्रुसावर हात ठेवून शब्द घेतला.
दुसरी पुडी होती तिच्याकडे. कोमट पाण्यात भिजत घातली. म्हणते, कुंडीत लाव, उचलून सावलीत ठेवता येईल. तेच तर. कुंडी उचलता येते, मग अं. तीच आधी उचलेल. जमिनीतच लावणार.

२८ सप्टें.
चर्चमधून, मिस्साहून आल्यावर पेरलं. नखाच्या अर्ध्याएवढं खोल, वर ओलं गोणपाट.

१० ऑक्टो.
बारा दिवस. अं. तोंडात ब्रश घालून रोज येतो. "मातोश्री, उगवली का?" फेस माझ्या वाफ्यात थुंकू नको एवढंच सांगितलं.
प्रिस्का म्हणते तीन-चार आठवडे लागतात, उकरायचं नाही. हात शिवशिवतात. हात गुंतवायला रोझरी घेऊन तिथेच बसते. फ्लावियाला वाटतं, आईंची भक्ती वाढली.

२० ऑक्टो.
आली. हिरव्या टाचण्या. सतरा.
कोणाला हाक मारली नाही. आधी चहा प्यायले, मग परत मोजल्या. सतराच.

२४ ऑक्टो.
ऊन चावतंय. चौघींनी माना टाकल्या, दोन उठल्या, दोन गेल्या. सकाळचं ऊन घेऊ द्यायचं, अकरानंतर झाकायचं. रोझीकडे केळीची पानं मागायला गेले. पानं दिली, वर सल्ला दिला. पानांसाठी सल्ला ऐकून घेतला.
अं.ने आज विचारलं नाही. बघून गेला.

९ नोव्हें.
दाटी झाली. सगळी ठेवली तर एकही धड होणार नाही. नऊ ठेवली, बाकीची काढली. काढताना फ्लाविया म्हणाली, "आई, जीव तोडून वाढवली ना?" म्हणूनच मला ठाऊक कुठली काढायची.
रोझीच्या कोंबड्या उकरायला येतात. माझ्या नवऱ्याची मच्छरदाणी काढून चारी बाजूंनी लावली. जाऊन नऊ वर्षं झाली त्याला, आता कामी आला. जिवंत असता तर अं.च्या आधी त्यानेच सिमेंट ओतलं असतं.

३० नोव्हें.
थंडी लागली. पार्सलीला मानवली, माझ्या गुडघ्याला नाही. पानं आता तीन-तीन फाट्यांची.

१४ डिसें.
आज घात झाला असता.
फ्लाविया चर्चमधून गाण्याच्या तालमीहून उशिरा आली, कालवण उकळत होतं. धावत मागे गेली आणि कोथिंबीर समजून एक रोप मुळासकट उपटून आणलं. धुतलं, चिरलं, घातलं. मी बघते तर वाफ्यात खड्डा. बोलले तिला. जास्तच बोलले. ती रडली नाही, उलट म्हणाली, "तीन महिने बघते मी पण, आई. सवयीने हात गेला." खरं आहे, ह्या गावात जुडी म्हणजे मुळासकट. मग मीच तिला पाणी दिलं.
अं. जेवायला बसला. दोनदा कालवण घेतलं. "आज कोथिंबीर कसली गं? चांगली लागते."
मी म्हटलं, "तीच, जी इथे होत नाही."
घास तसाच राहिला हातात. आधी फ्लाविया हसली. मग प्रिस्का.

१६ डिसें.
अं. म्हणतो, ती पैज गंमत होती. गाडी नाताळाआधी येणार, पेव्हरवाल्याला सोमवार दिलाय, माणसं ठरली, आता त्याला नाही कसं म्हणायचं? "आई, तुला पटत नसेल तर तूच सांग त्याला."
वा. बोलवायचं ह्याने आणि परतवायचं मी. म्हणजे गावात नाव म्हातारीचं, म्हातारी आडवी आली.
मी ताटं उचलली. विचार चालू आहे.

२० डिसें.
आठ रोपं. आज पहिली काढणी, सगळ्यांसमोर. प्रिस्काने दाखवलं: उपटायचं नाही, शेंडा खुडायचा नाही. बाहेरच्या काड्या मातीजवळ कापायच्या, मधला गाभा ठेवायचा, तो परत वाढतो. मी एक कापली, एक फ्लावियाला कापायला लावली. मग कात्री अं.च्या हातात दिली. घेतली. नीट कापली, गाभ्याला धक्का नाही. लहानपणी वाडीत कापायचा तशी. जुडी अंगठ्याएवढी जाड झाली.
तोंडाने अजून हो नाही की नाही नाही. सोमवार परवा.
हे पान फाडून फ्रिजवर लावतेय, सगळ्यांनी वाचा. सोमवारी पेव्हरवाला बेल वाजवेल. फ्लावियाने दार उघडायचं नाही. प्रिस्काने खिडकीतून ओरडायचं नाही. मी विहिरीवर असेन, मला बोलवायला यायचं नाही. अं.ने कामाला दांडी मारायची, स्वतः दार उघडायचं, त्या माणसाला मागे वाफ्याशी न्यायचं आणि काय ते उत्तर तिथे उभं राहून त्यानेच द्यायचं. चपला बाहेर काढून.