अंगठ्याचं काम अंगठ्याला

तीर्थरूप दादास,

घरातल्या शेंडेफळाचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत उसण भरली आहे, पण ते प्रकरण पुढे येईल.)

तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनी तुला सकाळी फिरायला पिटाळते आणि तू कोपऱ्यावरच्या बाकावर अर्धा तास बसून दमल्याचं नाटक करत परत येतोस, हे मला ठाऊक आहे, तेव्हा फिरण्याबद्दल काही लिहू नकोस. इकडे मी ठणठणीत. तुझे मेहुणे माझ्यामुळे जरा दमलेत. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. पत्रात तुला तोंड घालता येत नाही, म्हणून हे कागद.

मुद्दा असा, की येत्या तीस तारखेला तू स्टुडिओचं शटर शेवटचं ओढणार. त्या दिवशी तुला दारात उभं करून तुझा एक फोटो काढायचाच, असं मी ठरवलं आहे. स्वच्छ, भुवईचे केस मोजता येतील असा. 'माझे फोटो चांगले येत नाहीत' हे तुझं पालुपद मी लहानपणापासून ऐकते आहे, आणि ते खोटं नाही. अख्ख्या अल्बममध्ये तुझा एक फोटो धड असेल तर शपथ! ताईच्या लग्नात तू धुरकट, बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी धुरकट, आणि मला लायसन्स मिळालं त्या दिवशी इतका धुरकट की माझ्या सासूबाई अजून विचारतात, हे मागे कोण उभे आहेत. (त्याच फोटोंत मी मात्र कायम झकास. आपल्या घरात फोटोला साजेसा चेहरा एकट्या मलाच मिळाला, हे मी पूर्वीपासून सांगत आले आहे.) लोकांचे चेहरे स्वच्छ करण्यात तू सगळा जन्म घालवलास आणि तुझा स्वतःचा चेहरा कुठेच नाही, याचं मला वाईट वाटतं. खूप वाईट वाटतं. तेव्हा हे होणार म्हणजे होणार.

आता तुझ्या कॅमेऱ्याबद्दल. तो मला देताना तू एकच अट घातली होतीस, की आतली सेटिंग बदलायची नाही. जगभरच्या कॅमेऱ्यांत वरचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो आणि पूर्ण दाबलं की फोटो निघतो. तुझ्यात फोकसचं काम पाठीवरच्या बटणाकडे, अंगठ्याला दिलेलं. अंगठा उचलला की फोकस तिथेच थांबतो; वरचं बटण फक्त फोटो काढतं. समोरचा माणूस स्पष्ट आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तू हे समजावलंस तेव्हा मी मान डोलावली होती. आणि मी कोण, तर ड्रायव्हिंग शिकवणारी बाई! डाव्या पायाचं काम उजव्या पायाने करू नका, म्हणून सतरा वर्षं लोकांवर ओरडते आहे. मला कोण काय शिकवणार, असं वाटलं.

पहिल्या दिवशी साठ फोटो काढले. साठही धुरकट. काच पुसली, पुन्हा काढले, पुन्हा तेच. मग मी तडक दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि तिथल्या माणसाशी अर्धा तास भांडले, की माझ्या भावाने कॅमेरा फुलासारखा सांभाळलाय आणि तरीही तो बिघडलाय, म्हणजे कंपनीच लबाड आहे. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, कॅमेरा हातात घेतला, मागे अंगठा ठेवला आणि माझ्या रागावलेल्या तोंडाचा एक फोटो काढून दाखवला. नाकपुडीसुद्धा स्पष्ट. मी आभार न मानता बाहेर पडले. (दुसऱ्या दिवशी जाऊन मानले. चूक माझी असली की मला एक दिवस लागतो.)

मग सराव सुरू केला. चालता माणूस फोकसमध्ये ठेवायचा तर अंगठा दाबून धरायचा आणि बोटाने फोटो काढत राहायचं, असं तू म्हणाला होतास. त्यासाठी चालता माणूस हवा. तुझ्या मेहुण्यांना इमारतीच्या लांब व्हरांड्यात त्या टोकापासून माझ्याकडे चालत यायला लावलं. बावीस वेळा. दर वेळी ते मधल्या खांबापाशी आले की माझा अंगठा बोटाच्या मदतीला धावायचा आणि सगळा घोळ व्हायचा. समोरच्या बाईंना वाटलं, मी त्यांना घराबाहेर काढते आहे आणि ते पुन्हा पुन्हा परत येताहेत. त्या समजूत घालायला आल्या. तेविसाव्या खेपेला हे खांबाला टेकून खाली बसले, आणि त्यांना उठवायला मी वाकले, तीच ती उसण.

त्या दिवशी यांनी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक शोधून काढलं आणि पान उघडून दाखवलं, की ही सेटिंग एका मिनिटात पूर्ववत होते, मग ना मला त्रास, ना त्यांना. मी ते पुस्तक डाळीच्या डब्यामागे लपवलं आहे. तुझ्या अंगठ्याला जे जमलं, ते माझ्या अंगठ्याला जमलंच पाहिजे.

याची किंमत एकदा मात्र जवळजवळ गाडीने मोजली असती. माझ्याकडे एक निवृत्त काका शिकतात. ते सारखे ब्रेक दाबतात, म्हणून त्यांना मी ब्रेककाका म्हणते. दोन-तीन आठवड्यांपूर्वी चौकात सिग्नल लाल झाला आणि नेमके त्याच दिवशी ते ब्रेक विसरले. मी ओरडायला गेले 'ब्रेक!' आणि तोंडातून निघालं 'अंगठा!' काका आज्ञाधारक. त्यांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही अंगठे मला वर करून दाखवले. माझ्या बाजूच्या ब्रेकवर माझा पाय वेळेत पडला म्हणून हे पत्र लिहिते आहे. गाडी थांबल्यावरही त्यांचे अंगठे वरच होते. मग ते हळूच म्हणाले, "बाई, आता खाली घेऊ का?"

पण ऐक. गेल्या मंगळवारी ब्रेककाका परीक्षा पास झाले. हातात कागद घेऊन मैदानाच्या त्या टोकापासून माझ्याकडे येत होते, आधी चालत, मग वयाला न शोभेल असं धावत. मी अंगठा दाबून धरला आणि बोट आपलं काम करत राहिलं. चौदा फोटो, चौदाही स्वच्छ; शेवटच्यात तर कानावरचे केससुद्धा. मैदानात उभ्या उभ्या मला रडू आलं. काकांना वाटलं, त्यांच्यासाठीच. मी तसंच वाटू दिलं.

तेव्हा तीस तारखेला बरोबर दहा वाजता तयार राहा. तो निळा शर्ट घाल. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. सरावाच्या नादात काल जुने अल्बम भिंग लावून पाहिले. ताईच्या लग्नाचा तो फोटो तू कसा जुळवला होतास, ते आठवलं. मला पुढे बसवलंस, माझ्यावर अंगठा ठेवलास, कॅमेरा कुणाच्या तरी हातात दिलास आणि धावत मागच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिलास. त्या बिचाऱ्याने फक्त वरचं बटण दाबलं. बाकीचे फोटोही तसेच. म्हणजे कॅमेरा शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होता. चेहऱ्याबद्दल वर जे लिहिलं आहे, ते खोडून टाकावं.

ता. क. दुसरा. तीस तारखेला मलाही फोटोत यायचं आहे. म्हणजे इतके दिवस घाम गाळला मी आणि बटण दाबणार तुझे मेहुणे! हरकत नाही. त्यांच्या पायांसाठी खडूची रेघ आखणार आहे. अंगठा मी आधीच ठेवून देईन, त्यांनी बोट तेवढं हलवायचं, पाऊल नाही. विनंती तुलाच आहे, दादा. या वेळी मागे जाऊन उभा राहू नकोस. माझ्या रांगेत ये.