मुंडावळ्या बांधणारे हात

३ नोव्हेंबर, सोमवार

"माझं काय काढताय? नवरीचं काढा की." माझ्या लग्नात आई कॅमेरावाल्याला म्हणाली होती. आज दिवसभर तेच वाक्य कानात.

सोनलचा फोन आला म्हणून. दादाची मुलगी. लग्न पुढच्या महिन्यात, आण्यालाच, आमच्या गावच्या घरापुढं मांडव घालून. स्टेजमागं एलईडीची भिंत लावणार आहेत आणि तिला त्या भिंतीवर आजी चालत यायला हवी आहे. आजी येणार, मागं थांबून मुंडावळ्या बांधणार, आणि त्या हातांखाली खरी सोनल बसलेली असणार. "आत्या, तू कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतेस ना. तुझ्या लग्नाच्या व्हिडिओतून आजीला तेवढी सुटी करून दे."

हो म्हणून बसले. आईला जाऊन दोन वर्षं झाली. दादाच्या घरी भिंतीवर तिचा आधार कार्डाचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात ती भ्यायलेली दिसते.

५ नोव्हेंबर, बुधवार

क्लिप काढली. आईचं हलतं-चालतं चित्र जगात एवढंच. मंगलाष्टकांत ती नाहीच. मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं, ती तुळशीपाशी उभी. अक्षता आटोपल्यावर तिथून निघते, माणसांतून वाट काढत येते, माझ्या मागं थांबते. माझ्या सुटलेल्या मुंडावळ्या बांधते. ते वाक्य म्हणते. पदर तोंडावर घेते. संपलं.

चाल मात्र तीच. डावा पाय जरा बाहेर फेकत, निऱ्या एका मुठीत. खोडदला दुर्बिणीच्या मोठ्या डिशांच्या कडेकडेनं मेंढरांमागं जायची तेव्हाही अशीच.

मूळ कॅसेट र.कडे. (नवरा होता तेव्हाही इथं र.च लिहायचे.) माझ्याकडे आहे ती मोबाईलवरची नक्कल. ते घर सोडायच्या आठवड्यात टीव्हीवर कॅसेट लावून, समोर उभी राहून घेतलेली. हात स्थिर नव्हता.

८ नोव्हेंबर, शनिवार

कॉलेजला सुट्टी. सकाळपासून हेच.

पद्धत जुनी आणि सोपी आहे. मी स्वतः दुसऱ्या वर्षाला शिकवते. कॅमेरा एका जागी असला की सगळ्या फ्रेम एकावर एक ठेवायच्या. प्रत्येक ठिपक्यावर जो रंग जास्त वेळ टिकतो तो मागचा. त्याच्यापेक्षा वेगळं जे येतं-जातं ते हलणारं. मागचं वजा केलं की माणूस हातात येतो.

माझ्या हातात काही आलं नाही. क्लिपमध्ये सगळंच हलतंय. कारण माझा हात हलत होता. प्रोग्रामच्या लेखी खांब चालतोय, कनात चालतेय, टीव्हीची कड चालतेय, आणि त्यात आई.

जेवले नाही. मग चिडून भात लावला.

९ नोव्हेंबर, रविवार

मांडवाचा पुढचा खांब धरून सगळ्या फ्रेम एकमेकींवर बसवल्या. खांब थांबला. कनात थांबेना, पठारावरचं वारं. शिवाय माणसं अक्षता संपल्यावरही मुठीतले उरलेले तांदूळ टाकतायत. प्रत्येक दाणा हलणारा. आईच्या जागी तांदळाचा एक ढग, त्यात पदराचा काठ, एक पाऊल.

'मागचं' म्हणून जे चित्र तयार झालं ते मात्र स्वच्छ. मांडव जवळजवळ रिकामा. जे जे चालत होते ते सगळे गेले. वाढपी, मामा, करवल्या, आई. राहिलो आम्ही दोघं. पाटावर हललोच नव्हतो ना. मी आणि र., खांबासारखे.

किती लहान होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवी तऱ्हा. हे एआयचं मॉडेल हालचाल बघतच नाही, माणसाचा आकार ओळखतं. पहिल्या फ्रेमला आईवर क्लिक करायचं, पुढं ते तिला धरून ठेवतं. मांडवाच्या तोंडापासून माझ्यापर्यंत छान आणलं तिला. मी खुर्चीत सरळ झाले. आणि आई वाकल्याबरोबर ते तिला सोडून मावशीवर गेलं. दोघींच्या साड्या आहेराच्या एकाच गठ्ठ्यातल्या, हिरव्या. पुढची सगळी क्लिप मावशी.

जिथं मिळाली तिथं हात नाहीत. बोटं माझ्या केसांत आहेत. केस माझे, म्हणून बोटंही माझ्यात धरली. आईला कापायचं तर मला कापावं लागतं आणि मला कापलं की तिचे हात मनगटापर्यंतच उरतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आण्याला गेले. पिंपळवंडीपाशी उसाच्या ट्रॉल्या आडव्या, एसटी तासभर जागेवर.

दारातच सोनलनं मोबाईल पुढं केला. कुठल्याशा ॲपनं आजी करून दिली, आधार कार्डावरून आणि मी पाठवलेल्या क्लिपवरून. पाठीमागं डोंगर, फुलं, आणि एक बाई चालत येते. चेहरा आईचा. कातडी तुकतुकीत. हातभर बांगड्या. मालिकेतल्या सासूसारखी चालते, दोन्ही पाय सरळ. येऊन दात दाखवून हसते. आई आयुष्यात कधी तोंडावर पदर न घेता हसली नाही.

वहिनी डोळे पुसत होती. दादा परत परत लावायला सांगत होता.

मी म्हटलं, ही आई नाही. सोनल हिरमुसली. म्हणे लोकांना कुठं कळणार आहे. मी म्हटलं, मला कळतंय. मग दादाच बोलला, शांतपणे, "सुमे, आख्खा जलम मेंढरांमागं काढला तिनं. एक दिस चांगली दिसली तर तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय ते मला नीट सांगता आलं असतं तर... त्या लग्नाला चारशे माणूस येईल, पोरंटोरं येतील, आणि त्यांना हीच आई म्हणून आठवेल. काही वर्षांनी मलाही.

निघताना सोनल एसटीपर्यंत आली. रुसली होती तरी पिशवी तिनंच धरली. म्हणाली, तू खरी आणलीस तर मी खरी लावीन, पण एलईडीवाल्याला महिनाअखेरच्या रविवारी द्यायचंय. "आत्या, मला तरी कुठं हात नसलेली आजी लावता येतीय?"

बरोबर आहे तिचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अर्धी रजा टाकून जुन्नरला. सलीमभाई. माझ्या लग्नाचं शूटिंग त्यांचंच. आता दुकान मुलगा बघतो, हे बाहेर खुर्ची टाकून असतात. ओळखलं. आईचं वाक्य सांगितलं तर हसले. म्हणे सगळ्याच आया तेच म्हणायच्या. "आन् आमीबी ऐकायचो ताई. लगेच कॅमेरा नवरीवर."

मास्टर, म्हणजे शूटिंगची पहिली कॅसेट, आहे का विचारलं. नाही. त्याच कॅसेटवर पुढची लग्नं. एकच कॉपी करायचे आणि ती नवरदेवाकडं जायची, रीतच तशी.

माझ्या मोबाईलवरची क्लिप बघितली त्यांनी. चष्मा काढून, लावून. म्हणाले, एवढं डगमगतंय कशानं? मी तर त्या दिवशी कॅमेरा स्टँडवर ठेवला व्हता. पठारावर वारं लई, हातात धरवत न्हाई.

स्टँडवर. म्हणजे मूळ कॅसेटमध्ये खांब जागेवर आहे. हललाय तो फक्त माझ्या नकलेत. स्थिर कॅमेरा, खरे रंग, बोटं आणि केस वेगळे दिसतील एवढं साफ चित्र. जुनी सोपी पद्धतसुद्धा पुरली असती. बुरशी लागलेली नसली तर कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो म्हणाले, यंत्र अजून चालू आहे.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून स्वतःवरच चरफडत होते. इतके दिवस त्या क्लिपशी झटापट. जे हवं ते तिथं नव्हतंच. आणि जिथं आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आणखी एकदा जुनी पद्धतच चालवली. या खेपेला आई थांबल्यावर हळूहळू विरघळली. थोडा वेळ कुणी हललं नाही की प्रोग्राम त्याला मागच्यात जमा करतो, तसा तो लिहिलेलाच असतो. नियम माझ्या तोंडपाठ. तरी लॅपटॉप आपटून मिटला.

सोनलचा मेसेज: आत्या, झालं का?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मी घर सोडताना र.नं दारात सांगितलं होतं, "इथली एकही वस्तू मागायला परत येऊ नकोस." मी म्हटलं होतं, नाही येणार. तेव्हापासून एक शब्द नाही. त्याची दुसऱ्या लग्नाची मुलगी आता शाळेत जाते असं कळतं. त्या घरात ती कॅसेट कुठल्या कपाटात, कुणाच्या साड्यांखाली असेल. असेल की नाही. असली तरी तो का देईल? मी त्याच्या जागी असते तर दिली असती का?

दुपारपासून पाच वेळा लिहून खोडलं. शेवटी हे राहिलं, आत्ता पाठवते:

"मी सुमन. आपल्या लग्नाची कॅसेट असली तर चार दिवस हवी आहे. जुन्नरला सलीमभाईंच्या दुकानात ठेवलीस तरी चालेल, मी समोर येणार नाही. तू नाही म्हणणार हे धरूनच विचारतेय. आपल्या दोघांचं त्यातलं मला काही नको, ते मी काढूनच टाकणार आहे. आपण बसलोय त्याच्या मागं आई उभी आहे. मला तेवढी दे."