बुधवारचा फोन

प्रिय उमेंद्र,

मागच्या भेटीत जाळीपलीकडून तू धान कसं आहे विचारलंस आणि मी छान आहे म्हणाले. खोटं बोलले. रानडुकरांनी अर्धी बांधी लोळवली. बाबा माचाणीवर बसून डबा वाजवतात, पण हात थकले त्यांचे.

तुला तो बोर्ड आठवतो? डुकरांसाठी तारेत करंट सोडाल तर इतकी वर्षं जेल, असा. तू त्याच्याखाली उभा राहून हसला होतास. ताई, आजवर पकडले किती? एकही नाही. डुकरं मात्र रोज येऊन राहिली, म्हणालास. शाळेतही तू असाच. शिक्षा काय होईल हे कधी विचारलं नाहीस, मास्तर कुठे आहेत एवढंच पाहायचास. आणि एकट्या तुला कायले बोलू, सारं गाव तसंच. बोर्डाला कोणी भ्यालं नाही. भीती होती ती लाइनमन शालीकरामच्या मोटारसायकलची. गुरुवारी भल्या पहाटे त्याची फेरी असायची, म्हणून बुधवारी संध्याकाळीच सगळे करंट चोरायचे आपापले आकडे लाइनवरून काढून ठेवायचे. गुरुवारी सकाळी लेकरंसुद्धा धुऱ्या-बांधावरून बिनधास्त जायची.

शालीकराम इथे कुडव्यात माझ्या शेजारीच राहतो. त्या बुधवारी तो बायको-पोरांसकट लग्नाला निघाला आणि मी तुला फोन केला, उद्या फेरी नाही म्हणून. किती खुशीत केला रे. माझ्या भावाचं धान आज वाचेल, एवढंच डोक्यात होतं. चला, एक रात्र फुकट मिळाली, असं तू म्हणालास आणि आपण दोघंही हसलो. सकाळी शेजारच्या बांधीतला दुधरामदादा पाणी पाहायला आपल्याच धुऱ्यावरून येईल, हे ना तुझ्या मनात आलं ना माझ्या. तो आपल्या तारेला चिकटून गेला.

तू पोलिसांना सांगितलंस, तार काढायला विसरलो. माझ्या फोनबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. वकील म्हणतात, विसरला हेच धरून ठेवा, जामीन होईल. मीही गप्प राहिले. भ्याले, बाबू.

परवा गावी गेले तर दुधरामदादाची रुख्मावहिनी भेटली. पार वाळून गेली आहे. मला हात धरून घरात नेलं, भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. आज गुरुवार आहे, धुऱ्यावरून जा, लवकर पोचाल, असं मीच त्यांना म्हटलं होतं, माझाच वार चुकला का गं, असं विचारत होती. त्या तारखेवर बोट फिरवून फिरवून कागद फाटला आहे. नवरा आपणच मारला असं समजून राहिली ती. मला तिथे पाणीसुद्धा पिववलं नाही.

उद्या मी तिच्याकडे जाते आहे. वहिनी, तुझा वार बरोबर होता, आम्हीच त्या रात्री तार मुद्दाम ठेवली, आणि फोन मी केला होता, हे तिला सांगणार आहे. मग ते पोलिसांपर्यंत जाईल. तुझं विसरणं खोटं ठरेल, जामीन लांबेल, मलाही बोलावतील. गप्प राहिले असते तर मला कोणी पकडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. हे पत्र तिथले साहेब आधी वाचतील, वाचू दे. तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिलं. रागाव, शिव्या दे. फक्त मी आले तर भेटायला नाही म्हणू नकोस.

तुझीच ताई,
शामकला