शिशातली तूट

ती. अक्का,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा खांदा दुखतोय, त्यामुळे तो हात पुरता वर जात नाही, पण नमस्कार भरल्या वजनाचा समजावा.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून डॉक्टर बदलणंच चालू आहे? इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. उत्तम म्हणजे नक्की कशी ते पुढे कळेलच, पण आधी खाली बसून घे.

तू विचारलं होतंस, महिनाभर लेकीकडे राहून मी करतो काय. अक्का, मी पाण्याखाली जायला शिकतोय. हसू नकोस. आपली बुटकी (आता माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे) इथे लोकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना रीतसर बुडायला शिकवते. गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण पाण्याने भरली आहे, तिथे तिचा वर्ग चालतो. चार वर्षांपूर्वी बँकेतली कायमची नोकरी सोडून ती या उद्योगात पडली, तेव्हा मी केवढा थयथयाट केला ते तुला ठाऊक आहेच. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे 'जेवलात?' आणि 'जेवलो.' यंदा तिने बोलावलं म्हणून आलो, तर तीन दिवस समोरासमोर बसूनही आम्ही तेवढंच बोललो. चौथ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, मला तुझं काम बघायचंय. ती म्हणाली, "वरून काही दिसत नाही, बाबा."

म्हणून मी खाली गेलो. पाणी बर्फासारखं, त्यामुळे अंगात बोटभर जाडीचा रबरी पोशाख घालावा लागतो. घालावा लागतो म्हणजे दोन माणसांनी धरून मला त्यात कोंबावं लागतं. या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे माणूस बुडायचं नाव घेत नाही. मग कमरेला शिशाची वजनं बांधायची. बुटकीने मला बघितलं, पोशाख चिमटीत धरून बघितला आणि सांगितलं, आठ किलो. दोन-दोन किलोचे चार तुकडे.

आता अक्का, तेहेतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसापुढे कोणी शिशाचा तुकडा ठेवून 'दोन किलो' म्हणेल आणि तो ऐकून घेईल? माझा स्प्रिंगचा काटा मी जाईन तिथे बरोबर असतो. (तू म्हणतेस, मी लग्नात नवऱ्या मुलालाही लटकवून बघेन. ते खोटं आहे.) तुकडा काट्याला लावला, तर भरला एक किलो सातशे! चारही तुकडे तसेच. ही वजनं आणि पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानाचे मालक म्हणजे पांढऱ्या दाढीचे, चाळीस वर्षं पाण्यात मुरलेले पाणबुडे. त्यांना मी पाच गिऱ्हाइकांदेखत कायदा समजावून सांगितला. ते मुकाट्याने ऐकत राहिले. बुटकी मान खाली घालून दोरी गुंडाळत होती. मला वाटलं, बापाच्या ज्ञानाने भारावली.

त्यातून पहिल्या दिवशी उथळ पाण्यात मी बुडेचना! बुटकी पुन्हा पुन्हा सांगत होती, "बाबा, श्वास सोडा. छाती फुगवून धराल तर तरंगणारच." पण मला वाटलं, तुटीचा हा ढळढळीत पुरावा आहे. (श्वास मी धरला होता हे खरं. साठी उलटलेल्या माणसाने पहिल्यांदा पाण्यात तोंड घातल्यावर तो सोडायचा कोणत्या भरवशावर?) दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता, पोशाखावर घालायचं हवा भरायचं जाकीट असतं, त्याच्या खिशांत आणखी दोन तुकडे टाकले. एक तुटीपोटी आणि एक असावा म्हणून.

खाली काय होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणणार होतो, पण बुटकीने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. जसजसं खोल जावं तसतसं पाण्याच्या दाबाने ते जाड रबर चेपतं आणि त्याचं तरंगणं संपतं. शिसं मात्र होतं तेवढंच राहतं. मी धोंड्यासारखा गेलो आणि तळाच्या गाळात गुडघ्यांवर बसलो. चारी बाजूंनी चिखल उसळला, काही दिसेना. घाबरून मी जाकिटात हवा भरायचं बटण दाबलं, आणि दाबूनच धरलं. मग सुटलो वर! वर जाताना जाकिटातली हवा आणखी फुगते, रबरही फुगतं, वेग वाढतच जातो, आणि असं वर येणं बुडण्यापेक्षाही वाईट असतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तेवढ्यात कोणीतरी माझा घोटा धरला. बुटकी होती. तिने एका हाताने माझ्या जाकिटातली हवा सोडली आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरला. डोळ्यांत डोळे घालून ती मला श्वास कसा सोडायचा ते दाखवत राहिली आणि सावकाश वर घेऊन आली.

काठावर आल्यावर तिने माझ्या खिशांतून ते दोन तुकडे काढले. मला वाटलं, आता बोलेल. ती ते तुकडे हातात घेऊन तशीच पायरीवर बसली आणि रडायला लागली. "तुम्हाला काही झालं असतं तर?" एवढंच म्हणाली. अक्का, मला फार लाज वाटली. चार वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. टोपीही रबरी होती, पण तिला कळलं असावं.

परवा रीतसर तपासणी झाली. टाकी रिकामी होत आली असताना, नेहमीसारखा श्वास घेऊन उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, आणि श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. मी गेलो. आठ किलोत. (मालकांच्या हिशेबाने आठ. तूट अर्थात गृहीत धरलीच आहे.) आणि खाली मी तिचं काम बघितलं. पाच घाबरलेली माणसं तिच्या एका हातवाऱ्यावर शांत होत होती. मला तिथे बोलता येत नव्हतं, तेही बरंच झालं.

तुझ्या गुडघ्यांसाठी लोकरी पट्टे आणि भाऊजींसाठी सपाता याच पुडक्यातून पाठवतोय.

तुझा धाकटा भाऊ,
(निवृत्त) निरीक्षक

ता. क. हे पुडकं पोस्टात परत उघडून लिहितोय. घरी माझ्या काट्यावर ते साडेआठशे ग्रॅम भरलं होतं, खिडकीतल्या बाईंनी एक किलो सांगितलं. मी कायदा काढला. त्यांनी शांतपणे शिक्क्याचं एक किलोचं वजन माझ्याच काट्याच्या आकड्याला अडकवलं. साडेआठशे. स्प्रिंग गंजली आहे. मालकांचं शिसं पहिल्यापासून बरोबर होतं.

ता. क. २. आत्ताच मालकांची माफी मागून आलो. ते म्हणाले, काटाच चुकतोय हे बुटकीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. "बाबांना काही बोलू नका, ते आपले आपण तपासतील" असं तिनेच त्यांना बजावलं होतं. अक्का, चार वर्षांपूर्वी मी तुम्हा सगळ्यांना शपथ घातली होती की तिला कोणी पत्र लिहायचं नाही, आणि तू माझ्यासाठी ती पाळलीस. आता लिही. पत्ता पुडक्यावर आहे. मी सांगितलं म्हणून लिहितेस हे मात्र तिला कळू देऊ नकोस.

ता. क. ३. नको. मीच सांगितलं असंच लिही.