गिअर पडत नाही

३ मार्च २०२४, रविवार

बाबांशी आज पुन्हा वाजलं. गाडीवरूनच. म्हटलं, विकून टाका. अडुसष्टाव्या वर्षी भायखळ्याहून भाजी आणायला मोटारसायकल कशाला लागते? "तुका कोणी इचारल्यान?" — झालं, संपलं बोलणं.

गिअर पडत नाहीत म्हणे. दुसरा टाकायला जावं तर न्यूट्रल लागतो, कधी काहीच लागत नाही. महिन्याभरात भिवा मेकॅनिकशी दोनदा भांडले. भिवा मला म्हणाला, "सलोनीताई, लिंकेज थोडं ढिलं आहे. पण गाडी चालते हो." बाबांनी त्याला चारचौघांत चोर म्हटलं. आता कॉटन ग्रीनला त्याच्या गॅरेजवर मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

म्हणजे काम माझ्यावर आलं.

१० मार्च, रविवार

सकाळीच चाळीच्या चौकात गाडी घेऊन बसले. डाव्या पायाच्या गिअर-लिव्हरपासून इंजिनाकडे वीतभर सळी जाते, तेच भिवाचं लिंकेज; तिच्या दोन्ही टोकांना गोल सांधे. झिजले होते, हाताने हलवले की खडखडायचे. म्हणजे बाबा अगदीच खोटं बोलत नव्हते. नवे घेऊन ठेवलेच होते.

बाबा समोर स्टूल टाकून. मदत शून्य. "पानो असो धरतत?" एका टोकाचा नट काही केल्या हलेना. अर्धा तास झटले, बोटाचं साल निघालं. मग बाबा शांतपणे म्हणाले, "त्या बाजूचो आटो उलटो आसा." म्हणजे नट उलट्या बाजूला फिरवायचा. आधीपासून माहीत होतं त्यांना! वर आणखी, "हितेंद्राक सांगूचा लागला नसता."

हितेंद्र. माझा भाऊ. वसईला राहतो, गणपतीत दोन दिवस येतो. लहानपणी या गाडीला पाना लावायचा तो. मला फडकं मिळायचं, पुसायला.

सांधे बसवले, ग्रीस भरलं, भारतमाता टॉकीजपर्यंत स्वतः फेरी मारली. पाचही गिअर अलगद पडले. सांगितलं तर म्हणाले, "बघूया."

११ मार्च

"लिव्हर खाली आसा." दोन बोटं वर घेतला.

१२ मार्च

"आता वर झालो." खाली घेतला. ऑफिसला उशीर.

१४ मार्च

हिंदमातेच्या सिग्नलला गाडी बंद पडली त्यांची. मागचा टॅक्सीवाला शिव्या देऊन गेला. त्या सगळ्या त्यांनी घरी आणून मला दिल्या. गॅलरीत उभं राहून, मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात — "पोरीच्या हातात दिलंय. दुसरा काय होतला?"

मीही सोडलं नाही. गाडीत काही खोट नाही, खोट तुमच्यात आहे. चालवता येत नाही आता, कबूल करा.

आईने माझा दंड धरून मला आत ओढलं. ते जेवले नाहीत. मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही वाटलं.

१७ मार्च, रविवार

सगळं पुन्हा उघडलं. एक नट ढिला नाही. पुन्हा फेरी मारली, परळपर्यंत. काही म्हणजे काही दोष नाही. मुद्दाम करतात. मी केलेलं काम चांगलं म्हणायचं नाही म्हणून.

हितेंद्रचा फोन. "त्यांना त्रास कशाला देतेस? चांगल्या मेकॅनिकला दाखव ना." ठेवून दिला.

१९ मार्च

बाबा भाजी घेऊन वर आले. उजव्या पायात चप्पल, डावा पाय अनवाणी. टाच फाटलेली, जिन्यावर रक्ताचे ठसे.

"चप्पल कुठे पडली?"

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. "पडली?"

दहा वर्षं साखर आहे त्यांना. "पायाक काय कळना नाय," म्हणाले. कधीपासून? "दिवाळीपासून." कुणाला सांगितलं नाही.

पाय मांडीवर घेऊन मी रक्त पुसत होते. ते तोंड फिरवून गॅलरीकडे बघत होते. थोड्या वेळाने विचारलं, "धरलंस काय?"